पाण्यातला गणपती यतीनने काढावा

मी, वीणा उल्हास खांबेटे, वय बासष्ट, मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, श्रीगजाननाला स्मरून हे लिहिते. पोटातले दुखणे आता बरे होणारे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके मात्र जागेवर आहे. कुणी भरीला घातलेले नाही, कुणी धाक दाखवलेला नाही, आणि याआधी मी असला कागद केलेला नाही. वकीलबाई पद्मजा याचे इंग्रजी करून देणार आहे, पण माझ्या मुलांनी आधी हे ऐकावे. यतीनला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हिमानीने मोठ्याने वाचावे आणि मध्येच रडत बसू नये.

१. बँकेतली शिल्लक आणि माझे सोने माझी मुलगी हिमानी हिचे. यांच्या शेवटच्या आजारात तिने नोकरी सांभाळून सगळे केले. ही त्याची मजुरी नव्हे. जमाखर्चाच्या वह्या रिसायकलच्या डब्यात टाकाव्यात, त्यात दुधाच्या भावाखेरीज काही नाही. धुऊन ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र टाकू नयेत, चांगल्या आहेत.

२. माझे पितळी पुरणयंत्र शेजारच्या सरलाने होळीला नेले ते तिच्याकडेच राहिले. ते तिलाच देणार होते. पण तीच इथे साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे पद्मजा म्हणते. तेव्हा पुरणयंत्र हिमानीचे. सरलाने एकदा मंडळाच्या हळदीकुंकवात चारचौघींत विचारले होते, "काय गं, तुझा यतीन पीटी मास्तर झाला म्हणे?" हे मी विसरलेले नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.

३. हॉलमधला टीव्ही दान करावा. त्याच्यासमोर यतीनने मला बास्केटबॉल शिकवला. तो तेव्हा शाळकरी, मी शेजारी भाजी निवडत. म्हणायचा, "आई, बॉल नको बघू. ज्याच्याकडे बॉल नाही त्याला बघ." म्हणून सगळे जॉर्डन जॉर्डन करत तेव्हा मला त्याचा जोडीदार पिपेन दिसे. तापाने फणफणलेला जॉर्डन खेळून संपला आणि पिपेनच्या अंगावर कलंडला, तेव्हा मी म्हटले, हे घरातल्या बाईचे काम. यतीन हसून लोळला होता. अठ्ठ्याण्णवच्या फायनलला मी माहेरचा पितळी गणपती घंगाळात बुडवून ठेवला, शिकागो जिंकल्याशिवाय बाहेर काढणार नाही म्हणून. "आई, दॅट्स चीटिंग!" म्हणाला. जिंकल्यावर त्यानेच देव काढून पुसला आणि स्वतःच्या टोपीत घालून घरभर मिरवला.

४. ड्राइव्हवेवरचा बास्केटचा खांब काढू नये. तो यांनी स्वतः खड्डा खणून, सिमेंट ओतून रोवला होता. यतीनने हे लक्षात ठेवावे.

५. हे घर. आता मुद्द्याचे लिहिते.

दोन हजार एकच्या दिवाळीत यतीन ॲन आर्बरच्या कॉलेजातून आला आणि म्हणाला, इंजिनिअरिंग सोडतो, कोच होतो. हे म्हणाले, "बॉल आपटून कुणाचं घर चाललंय? जायचं तर जा. पण मग माझ्या घरात पाय ठेवू नकोस." यतीन म्हणाला, "फाइन. युअर हाऊस, बाबा." फराळाचे ताट तसेच ठेवून गेला. दोघांचे बोलणे अर्ध्या मिनिटाचे. मी चकल्यांची कढई उतरवून येईपर्यंत गाडी वळली होती.

आता तो ओरेगॉनमध्ये एका शाळेत मुलींना शिकवतो. हे गेले तेव्हा विमानाने आला, अंत्यविधीला उभा राहिला आणि तिथूनच परत निघाला. हिमानी म्हणाली, "घरी चल ना रे." तर म्हणाला, "बाबांनी रूल चेंज नाही केला ना." आता ते कसा बदलणार? मी येते तिकडे म्हटले तर सीझन चालू आहे म्हणतो. त्याला मी वाईट म्हणत नाही. दर रविवारी न चुकता फोन करतो. पण आम्ही खेळाचेच बोलतो.

"आई, आपल्या टीमचा नवा रोझ बघितलास?"

"बघितला. पाय जमिनीला टेकतच नाहीत रे त्याचे. गुडघे जपायला सांग."

"मी काय सांगू? माझ्या टीमवर आहे का तो?"

"आणि तुझा ओहायोचा लेब्रॉन?"

"बेस्ट. पण जॉर्डन नाही."

"पास मात्र छान देतो. थँक्सगिव्हिंगला येतोस का?"

"आई, फोर्थ क्वार्टर सुरू होतोय."

मॅच संपलेली असते. मीही तीच बघत असते.

जॉर्डन खेळ सोडून दोनदा परत आला. पहिल्यांदा तर परत आलो, एवढेच कळवले होते. दुसऱ्यांदा आला तो वॉशिंग्टनच्या टीमकडे, वय अडतीस, गुडघा दुखरा. हे म्हणाले, "काय शोभा करून घेतोय!" मला तसे वाटले नाही. परत आलेल्याचा गुडघा बघू नये. आणि डेरिक रोझ तर या शिकागोचाच पोरगा. नवे खेळाडू निवडायच्या लॉटरीत आपल्या टीमचा पहिला नंबर लागायची आशा शंभरात दोनसुद्धा नव्हती, तरी लागला आणि मुलगा आपल्याच गावात खेळायला आला. त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली आणि खूप रडले. रोझसाठी नव्हे.

तर हे घर, जमीन आणि खांबासकट, मी यतीनला देत आहे. हिमानीची संमती आहे. म्हणजे ते आता त्याच्या बाबांचे घर राहत नाही, आणि त्यांचा शब्दही मोडत नाही. यतीनने स्वतःच्या घरात पाय ठेवावा. पुढच्या दाराने यावे, गराजमधून नको.

६. तो गेला त्या रात्री मी गणपती पुन्हा पाण्यात ठेवला. सात वर्षे झाली, तो आत आहे. रोज पाणी बदलते, मूर्तीला हात लावत नाही, आणि देवाची माफी मागते. यतीनने तो स्वतः काढावा, कोरड्या पंच्याने पुसावा, चिंचेने घासावा. मग घर विकले तरी माझी हरकत नाही.

पद्मजाने विचारले, "काकू, घर आत्ताच का नाही करत त्याच्या नावावर? उद्या येईल तो!"

मी म्हटले, "आत्ता दिलं, आणि तरी नाही आला तर?"

तिने कागद पुढे सरकवला.

सह्या झाल्या की मंडळींनी चहा घेऊन लवकर निघावे. आज रविवार आहे, फोन येईल.

वीणा उल्हास खांबेटे
(सही)

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली:
१. सरला प्रताप ढवळे (सही)
२. राजाराम केळुसकर (सही)

स्थळ: राहते घर, शॉमबर्ग, इलिनॉय
दिनांक: १६ नोव्हेंबर २००८