'आणि' की 'किंवा'

शुक्रवार, जून २००६. दौंड

आज फार थकले. काम दोन मिनिटांचं होतं, तरी.

मुलींच्या वसतिगृहाचं वेबपेज मीच केलेलं. नियम सोपा होता: गाव लांब असेल किंवा वडील नसतील, तर अर्जापुढे 'पात्र' दिसावं. पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, अटीत मी 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहिलं. त्यामुळे दोन्ही असेल तरच पात्र. एवढा एक शब्द. पंधरा दिवस तो तसाच होता. मी तपासलं कसं नाही?

दुपारी कुरकुंभची सुमन माझ्या ऑफिसात आली, मामांबरोबर. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. पण कुरकुंभ जवळ, म्हणून माझ्या 'आणि'नं तिला अपात्र ठरवलं होतं. मामा म्हणाले, "म्याडम, कम्प्युटर न्हाई म्हंतोय. आमचं काय चुकलं तेवढं सांगा." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चूक माझी आहे असं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच शब्द बदलला. अधीक्षकबाईंना फोन केला. जागा शिल्लक होत्या, सुमनला मिळाली.

निघताना ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, वडील न्हाईत म्हणूनच न्हाई म्हटलं असंल."

तिला परत बसवलं आणि नियम वाचून दाखवला. ती हसली, मला हसता आलं नाही.

ते गेल्यावर यादी पुन्हा पाहिली. शब्द बदलल्यावर लांबच्या गावांतल्या काही जणी पात्र झाल्या होत्या, आणि अजून चौघी वडील नसलेल्या. त्यांच्यातली एकही विचारायला आली नव्हती.