कोंबड्याचा शिक्का

शार्लरुआ, १४ ऑगस्ट १९५५

प्रिय आई,
तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेतो. मी बरा आहे. कोळशाच्या खाणीत धूळ फार, पण पगार वेळेवर होतो. खोली परत बदलली, यंदाची चौथी. सोबतचा पास्क्वाले म्हणतो, "तुझ्या बुडाखाली निखारे आहेत का रे?" मी नुसता हसतो.

पाद्रीबाबांकडून लिहवून घेतलेलं तुझं पत्र मिळालं. युद्धात गावावर पडलेल्या बॉम्बमध्ये गेलेल्या एकतीस जणांच्या नावांचा दगड दहा सप्टेंबरला चौकात बसणार. नाव पुकारलं की घरच्यांनी "हजर" म्हणायचं आणि गावच्या भट्टीत ओळखू यावा म्हणून मारतो तो आपल्या घरचा शिक्का मारलेला पाव दगडापाशी ठेवायचा. आपल्या धाकट्या निनोसाठी मी, त्याच्या भावाने, यावं, आणि फिलोमेना मावशीने तिकडे फिरकू नये, असं तू कळवलंस.

सुट्टी मिळत नाही, असं लिहायला बसलो. दोन कागद फाडले. सुट्टी मिळते, आई.

म्हणून हे पत्र मावशीच्या पत्त्यावर टाकतोय. मावशी, हे घेऊन आईकडे जा. ती दार लावून घेईल. तू पायरीवर बस आणि मोठ्याने वाच, आतपर्यंत ऐकू जातं.

आई, त्या सकाळी मावशीने पावाची कणीक फडक्यात बांधून दिली ती माझ्याकडे. निनोकडे नाही. तिचा कोंबड्याचा शिक्काही माझ्याच हातात दिला. म्हणाली, "सरळ भट्टीवर जा, आणि रांग सोडू नकोस." मला नदीवर मासे धरायला जायचं होतं. रांगेत उभा होतो तर निनो आला. मी म्हटलं, "माझ्या जागी उभा राहा, दोन दिवस गलोल तुझी." तो म्हणाला, "तीन." मी म्हटलं, बरं, तीन.

विमानं आली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात होतो.

भट्टीच्या ढिगाऱ्यातून निनोला काढलं, तेव्हा त्याच्या मुठीत तो शिक्का होता. तू सगळ्या गावासमोर मावशीला म्हणालीस, "तुझा पाव भाजायला माझं सात वर्षांचं पोर धाडलंस." मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझी विजार अजून ओली होती. तिला सगळं कळलं, आणि तिने मान खाली घातली. बारा वर्षं तिने ती वर केलेली नाही, आणि मी करू दिली नाही.

मावशी, एवढं गाळून पुढे जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मागे जा आणि पुन्हा वाच.

मी येतोय, नऊ तारखेला पोचेन. आई, निनोचं नाव पुकारतील तेव्हा "हजर" कुणी म्हणायचं ते तू ठरव. पण पाव मावशीच्या हातचा असू दे, कोंबड्याचा शिक्का मारलेला.

आणि आता दार उघड. ती बाहेर पायरीवर बसली आहे. आधी तिला आत घे, माझं नंतर बघ.

रांग सोडून गेलेला,
तुझा सावेरिओ