कोंडाबाई बोरसे यांनी प्रशिक्षण सोडलेले नाही

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मुख्य समन्वय अधिकारी,
'नवी वाट' शहर रोजगार प्रशिक्षण उपक्रम,
सिल्वासा, दादरा आणि नगर हवेली.

विषय : फोर्कलिफ्ट चालक वर्गाच्या प्रशिक्षणार्थी कै. कोंडाबाई झुंबर बोरसे यांच्या नावापुढील 'स्वेच्छेने प्रशिक्षण सोडले' हा शेरा काढून 'उत्तीर्ण' असा शेरा लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) आपली पहिली नोटीस, दि. २८ नोव्हेंबर २०२५. २) गृहभेट अहवाल, दि. १० डिसेंबर २०२५. ३) आपली दुसरी नोटीस, दि. २२ डिसेंबर २०२५.

महोदय,

हा अर्ज हिंदीत किंवा गुजरातीत द्यावा, असे आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले. सोबत हिंदी भाषांतर जोडले आहे. मूळ अर्ज मराठीत आहे, कारण जिच्याबद्दल तो आहे तिला दुसऱ्या भाषेत वाचून दाखवला असता तर तिने मध्येच थांबवून अर्थ विचारला असता.

१. बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी माझी आई नेहमीप्रमाणे पाचला उठली. मसाटच्या सूत कारखान्यात पॅकिंग खात्यात तिची दुपारची पाळी असे, त्यामुळे सकाळ तिची स्वतःची होती आणि ती तिने आपल्या वर्गाला देऊन टाकली होती. तिने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, चार भाकरी थापल्या, दोन माझ्या डब्यात ठेवल्या आणि माझा जुना सलवार-कमीज घातला. एकावन्न वर्षांत तिने साडीशिवाय काही नेसले नव्हते. वर्गाला साडी चालत नाही म्हटल्यावर तिने कुरकूर न करता माझे कपाट उघडले. केंद्राने दिलेले सुरक्षेचे बूट पुरुषांच्या मापाचे होते. सर्वांत लहान जोडही तिला मोठा झाला, म्हणून ती पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून घालत असे. साडेसहाला मी तिला स्कूटीवरून आमलीतल्या आमच्या खोलीपासून अथालच्या केंद्रावर नेले. तिची हजेरी लागली. मी फाटकाबाहेर पडले. त्या दिवशी तिची अंतिम प्रात्यक्षिक चाचणी होती.

प्रशिक्षक श्री. मधुकर यांनी आपल्या वहीत त्या तारखेला लिहिले आहे : 'बोरसे बाई. भरलेले पॅलेट दुसऱ्या फळीवर ठेवले, उतरवले. एकही कोन पडला नाही. उत्तीर्ण.' पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट आणि कोन म्हणजे मैदानात मांडलेले नारिंगी शंकू, हे आपणांस माहीत असेलच. त्या पानाची छायाप्रत जोडली आहे.

गुरुवारी पहाटे तिने मला हाक मारून उठवले आणि छातीत दुखत असल्याचे सांगितले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली होती.

२. ती या वर्गात कशी आली, हे आपल्या फायलीत नाही म्हणून लिहिते. एकोणीस वर्षे तिने सुताच्या खोक्यांना टेप लावली आणि ती खोकी हातांनी ढकलत फोर्कलिफ्टपर्यंत नेली. फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याला तिच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पगार होता आणि त्याची कंबर दुखत नव्हती. शहराने रहिवाशांसाठी मोफत प्रशिक्षण सुरू केल्याचा फलक तिने बाजारात पाहिला. घरी येऊन मला म्हणाली, "रजनी, तिथं लिहिलंय वयाची अट नाही म्हणून. खरं आहे का बघ जरा." खरे होते. पहिल्या दिवशी श्री. मधुकर तिला म्हणाले, "मावशी, स्वयंपाकाचा वर्ग शेजारच्या खोलीत." ती म्हणाली, "माहीत आहे सर. स्वयंपाक येतो माले. म्हणूनच तर इकडं आली." पुढे त्या वर्गातली सतरा मुले तिला 'उस्ताद' म्हणू लागली. ते थट्टेने सुरू झाले होते. ऑक्टोबरपर्यंत थट्टा राहिली नव्हती.

३. पंधरा दिवसांनी आपली पहिली नोटीस आली. ती कोंडाबाई झुंबर बोरसे यांना उद्देशून होती आणि तीत लिहिले होते : आपण अंतिम दिवशी, म्हणजे २२ नोव्हेंबरला, अंगठा लावण्यास हजर राहिला नाहीत. सबब आपण स्वेच्छेने प्रशिक्षण सोडले असे गृहीत धरून पुढील तीन वर्षे शहराच्या कोणत्याही प्रशिक्षणास आपण अपात्र आहात. हरकत असल्यास समक्ष येऊन खुलासा करावा.

ही तीन वर्षांची शिक्षा तिने कोठे आणि कशी भोगावयाची, याचे मार्गदर्शन नोटिशीत नाही.

४. तिच्या वतीने मी ३ डिसेंबरला समक्ष आले. मृत्यूचा दाखला दिला. आपले लिपिक श्री. स्वप्नील यांनी मला बसवले, पाणी दिले, दाखला दोनदा वाचला. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि प्रशिक्षण सोडण्याची कारणे दाखवली : विवाह, स्थलांतर, नोकरी लागली, रस नाही. चारच होती. "ताई, यात मृत्यू नाहीच," ते म्हणाले. मग बराच विचार करून म्हणाले, "स्थलांतर टाकू का? तसं बघितलं तर खोटं नाही." मी नको म्हटल्यावर त्यांनी 'नोकरी लागली' सुचवले, त्यात निदान अपात्रता लागत नाही म्हणून.

शेवटी त्यांनी सांगितले की गुण पोर्टलवर चढवायचे तर एकच मार्ग आहे. नोंदणीच्या वेळी जो अंगठा घेतला, तोच अंगठा आजही मशीनवर लागला तर फाईल उघडेल, उत्तीर्ण होईल आणि प्रमाणपत्र तिथल्या तिथे छापून मिळेल. "पण आता तो कुठून आणणार," असे ते म्हणाले.

५. महोदय, तो अंगठा माझ्याजवळ होता. तो माझाच आहे.

नोंदणीच्या दिवशी केंद्रातल्या मशीनने आईचे एकही बोट ओळखले नव्हते. एकोणीस वर्षे पुठ्ठा हाताळल्यावर बोटांवर रेषा उरत नाहीत. मसाटच्या पॅकिंग खात्यातल्या कोणत्याही बाईचा हात पाहावा. ओल्या फडक्याने पुसून, तेल लावून, दहाही बोटे करून झाली. मागे रांग वाढत होती. तेव्हा मशीनवरचे गृहस्थ मला म्हणाले, "ताई, तुम्ही रोज सोडायला येणार ना? तुमचाच देऊन टाका. घरचाच अंगठा आहे." मी दिला. त्या दिवसापासून आईची हजेरी माझ्या अंगठ्याने लागत असे. एकोणऐंशी दिवस मी अंगठा लावून शाळेत कामाला गेले आणि ती मैदानात गेली. नियमाप्रमाणे बहात्तर दिवस पुरेसे आहेत. तिची हजेरी खरी आहे, याबद्दल वर्गातल्या सतराही प्रशिक्षणार्थींनी सही करून दिले आहे.

३ डिसेंबरला आपल्या कार्यालयातले तसेच मशीन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होते. अंगठा टेकवला असता तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. मी टेकवला नाही. जे पॅलेट तिने स्वतःच्या हातांनी वर ठेवले, त्याचे प्रमाणपत्र ती जिवंत असल्याच्या खोटेपणावर मला नको आहे. आणि ते तिच्या मुलीने मिळवून दिले, असेही कोणी म्हणता कामा नये.

अंगठ्याबद्दल जी कारवाई करावयाची ती माझ्यावर करावी. मी माफी मागत नाही. ज्या शहराने हाताने काम करणाऱ्या बायांसाठी वर्ग काढला, त्या शहराने त्यांच्या हातांना ओळखणारे मशीन आणायला हवे होते.

६. मी मृत्यूचा दाखला दिल्यानंतर सात दिवसांनी आपल्या समुपदेशक बाई आमच्या घरी आल्या. प्रशिक्षण सोडणाऱ्यांची समजूत घालणे हे त्यांचे काम आहे. त्यांच्या हातात छापील प्रश्न होते. "कोंडाबाई केव्हा भेटतील?" त्यांनी विचारले. मी भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. त्या ओशाळल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण भेटीचा फोटो अपलोड करावाच लागतो आणि त्यात लाभार्थी दिसावी लागते. नाहीतर माझी भेट धरत नाहीत." मी त्यांना फोटोशेजारी उभे राहू दिले. त्यांचीही नोकरी होती.

दुसऱ्या नोटिशीसोबत त्या भेटीचा अहवाल आला. त्यातील तीन वाक्ये जशीच्या तशी देते : 'लाभार्थी घरी उपस्थित. प्रश्नांना प्रतिसाद दिला नाही. प्रशिक्षणात रस नसल्याचे दिसते.' खाली वरिष्ठांची सही आहे. छायाचित्रही आहे, हारासकट. म्हणजे ते निदान एका वरिष्ठाने पाहिले असावे.

त्या अहवालावरून दुसऱ्या नोटिशीत अपात्रता कायम करण्यात आली.

७. हे सगळे मी गिळले असते. घरात दुःख असले की माणूस कागदांशी भांडत बसत नाही. पण अथालच्या केंद्राच्या फाटकावर आपण निकालाची यादी लावली आहे आणि तिच्या तळाशी एकच नाव आहे : 'कोंडाबाई झुंबर बोरसे. रस नसल्याने बाहेर.' त्या फाटकावरून कारखान्याच्या बायांची गाडी रोज जाते. आईच्या खात्यातल्या मंगलाबाई पुढच्या तुकडीत नाव घालणार होत्या, फॉर्मही आणला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी तो मला परत आणून दिला. म्हणाल्या, "कोंडाबाई आमच्यात सगळ्यांत धीट. तिलाच झेपलं नाही म्हणतात, मग आमची काय कथा, पोरी?"

मी म्हटले, तिला झेपले होते. त्या म्हणाल्या, "तू म्हणशीलच. लेक आहेस."

म्हणून मला आपल्या सही-शिक्क्याचा कागद हवा आहे. आपल्यावर माझा विश्वास आहे म्हणून नव्हे. मंगलाबाईंचा आहे म्हणून.

८. सबब माझ्या मागण्या अशा : आईच्या नावापुढे 'चाचणी उत्तीर्ण, प्रशिक्षणकाळात निधन' असे लिहावे. चार कारणांच्या यादीत पाचवे कारण घालावे, कारण या शहरात माणसे मरतातही. फाटकावरची यादी काढून दुरुस्त यादी त्याच जागी, तितकेच दिवस लावावी. आणि ३१ जानेवारीच्या प्रमाणपत्र वितरणात तिचे नाव इतरांबरोबर पुकारावे. प्रमाणपत्र घेण्यास मी येईन. नाव पुकारले गेले नाही, तरीही येईन, आणि तिची पाळी येईल तेव्हा उभी राहून मीच पुकारीन. मला बाहेर काढायचे असल्यास त्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी, म्हणजे समारंभाचा खोळंबा होणार नाही.

सोबत : मृत्यूचा दाखला, श्री. मधुकर यांच्या वहीतील पान, सतरा प्रशिक्षणार्थींचे सह्यांचे निवेदन, दोन्ही नोटिसा व गृहभेट अहवाल यांच्या छायाप्रती, हिंदी भाषांतर.

९. आपल्या दुसऱ्या नोटिशीत म्हटले आहे की प्रशिक्षकाची वही हा खाजगी कागद असून चाचणी प्रत्यक्ष पाहणारा त्रयस्थ साक्षीदार नाही. इतर प्रशिक्षणार्थींना त्या दिवशी एकेक करून आत घेतले होते, हे खरे आहे.

साक्षीदार आहे. त्रयस्थ नाही.

आदल्या दिवशी आईने मला थांबायला सांगितले होते. शाळेत पुस्तकांची तपासणी आहे, असे मी सांगितले. तपासणी नव्हती. ती चुकेल आणि मी ते बघताना तिला दिसेन, या विचाराने मला धीर होत नव्हता. सकाळी हजेरी लावून मी फाटकाबाहेर पडले, स्कूटी सुरू केली, बंद केली आणि कुंपणाच्या जाळीमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. शेवटपर्यंत उभी होते.

दुपारी शाळा सुटल्यासारखी मी घरी आले. जेवताना तिने वाटीचे पॅलेट केले, दोन बोटे तिच्याखाली सरकवली आणि मला सगळी चाचणी करून दाखवली. मी "हो का?", "मग?" असे म्हणत राहिले. टाकीच्या आड का लपले होते, हे सांगावे लागले असते, म्हणून गप्प बसले. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असे मनात होते. ती पाळीवर गेली. तिच्या घरचे कोणीच आले नव्हते, असे समजून ती गेली.

आज हा शेवटचा परिच्छेद लिहिण्याआधी मी खोलीचे दार लावून तो मोठ्याने म्हटला. कागदावर मी साक्षीदार म्हणून देते आहे, पण म्हटले तिला. तसाच लिहिते :

आई, मी बघत होते. तू वळणावर हॉर्न दिलास, मागे मान वळवून पाहिलेस, फळीसमोर थांबून एकदा ओढणी खांद्यावरून काढून कमरेला बांधलीस. पॅलेट वर गेले तेव्हा मी श्वास धरला होता. ते सरळ बसले. एकही कोन पडला नाही, आई. मी मोजत होते.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
रजनी झुंबर बोरसे
ग्रंथालय सहायक
रा. आमली, सिल्वासा
कै. कोंडाबाई बोरसे यांची मुलगी आणि चाचणीची साक्षीदार