रांगडा म्हणजे दणकट

सर, गेल्या आठवड्यात आपल्या कॉलेजात एक समारंभ झाला. पीएच.डी. झाल्यावरही संशोधनाला चिकटून राहणाऱ्या पोस्टडॉक मंडळींचा आणि त्यांना घडवणाऱ्या प्राध्यापकांचा सत्कार होता. तुम्ही असता तर काहीतरी पुटपुटत मागच्या रांगेत जाऊन बसला असता. नव्वदच्या दशकात मी तुमच्याकडे आले तेव्हा पोस्टडॉक म्हणजे काय, हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. मी विद्यार्थिनी नव्हते, म्हणून लायब्ररीचं कार्ड मिळेना. नोकरीत नव्हते, म्हणून मस्टरवर नाव नाही. शिपाईमामा तर मला पोस्टातल्या मॅडम समजत होते आणि एक रजिस्टर पाकीट कुठवर पोचलं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या खोलीतलं एक कपाट बाहेर काढलंत, तिथे माझं टेबल लावलंत आणि दारावर तुमच्या पाटीखाली माझ्या नावाची पाटी ठोकून घेतलीत. काकू तुमच्या डब्यात एक भाकरी जास्त घालायला लागल्या. तोवर त्यांनी मला पाहिलंही नव्हतं.

आपलं काम कांद्याचं. साठवणीच्या चाळीला खालून फटी ठेवून हवा खेळू दिली तर कांदा जास्त दिवस टिकतो का, हे तपासायचं. तुम्ही सटाण्याकडचे, कांद्याच्या शेतात वाढलेले. मी पुण्याची, कांद्याशी माझी ओळख भाजीवाल्याच्या टोपलीपुरती. त्यातून डॉक्टरेट ताजी, त्यामुळे कोणाला काही विचारायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. मार्चअखेरीस मी एकटीच लासलगावला नमुने आणायला गेले. एका ट्रॉलीजवळ कांदे हातात घेऊन बघत होते, तेव्हा शेतकरी म्हणाला, "मॅडम, बघून घ्या, हा रांगडा हाय." मला वाटलं, मालाची तारीफ करतोय. आमच्याकडे रांगडा म्हणजे धट्टाकट्टा गडी. मी खूश होऊन चार गोणी घेतल्या आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: रांगडा, म्हणजे दणकट. तो बिचारा मला सावध करत होता. रांगडा म्हणजे दिवाळीच्या आगेमागे लावलेला आणि हिवाळा सरताना निघणारा कांदा, जो चाळीत टिकतच नाही. टिकतो तो उन्हाळी कांदा, हे तुमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या चारही गोणी मी खालून फटी असलेल्या कप्प्यात भरल्या आणि बाकीच्या कप्प्यांत उन्हाळी कांदा. दोन महिन्यांत माझ्या दणकट कांद्याला पाणी सुटलं. मी लेख लिहिला की खालून हवा दिली तर कांदा उलट जास्त सडतो. तुम्ही तेव्हा ॲडमिशनच्या धबडग्यात होता, विश्वासानं सही केलीत. लेख स्वीकारला गेला आणि त्याच्या जोरावर माझी फेलोशिप वाढणार होती. गणपतीच्या सुट्टीआधी तुम्ही वार्षिक अहवालासाठी माझी वही चाळायला घेतलीत. मी समोर बसले आहे, तुम्ही पानं उलटता आहात, आणि एका पानाशी तुमचा हात थांबतो. वही माझ्याकडे फिरवून तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवता आणि विचारता, हे दणकट कोणी सांगितलं.

मग रांगडा म्हणजे काय, ते तुम्ही समजावून सांगितलंत. लेख मागे घ्यायचा म्हणजे फेलोशिप जाणार, आणि कांदा न ओळखणारी कांद्याची डॉक्टर म्हणून नाव होणार. मी रडले. लेख तसाच जाऊ दे, पुढच्या वर्षी दुरुस्त करू, असंही सुचवून पाहिलं. तुम्ही माझ्यावर चिडलात ते तेवढं एकदाच. "हे वाचून उद्या कोणी चाळीच्या फटी बुजवेल," तुम्ही म्हणालात. "त्याचा कांदा सडेल, डॉक्टर." मग कागद ओढून तुम्ही संपादकांना पत्र लिहिलंत: "नमुने निवडताना माझ्याकडून चूक झाली, सबब लेख मागे घेत आहे." मी म्हटलं, सर, चूक माझी आहे. तुम्ही मान वर केली नाहीत. "वही न वाचता सही मी केली. तेवढं माझं. बाकीचं तू येत्या मार्चमध्ये निस्तर."

ते मी निस्तरलं. फेलोशिप वाचली, दुसऱ्या वर्षीचे निकाल बरोबर उलटे आले आणि त्या लेखावर तुम्ही माझं नाव आधी घातलंत. पण पत्राची गोष्ट पसरायची ती पसरली. तुमचे धाकटे भाऊ डिपार्टमेंटमध्ये आले तेव्हा माझ्यादेखतच त्यांनी अहिराणीत विचारलं, "भाऊ, तुले रांगडा वळखता उना नही?" तुम्ही नुसते हसलात. मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. मला फार लाज वाटली सर, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन हजार सालानंतर लवकरच तुम्ही गेलात, तोवर ही गोष्ट तुमच्या नावावर पक्की झाली होती.

आता माझ्या हाताखाली पोस्टडॉक आहेत. त्यांना मी हे दरवर्षी सांगते: आमचे सर एवढे मोठे की स्वतःची चूक त्यांनी लेखी कबूल केली. तुमचं कौतुक म्हणूनच सांगते. या समारंभात तुमच्यावर बोलायला मलाच उभं केलं होतं. घरून ठरवून गेले होते की आज खरं सांगायचं. माईकसमोर तोंडातून नेहमीचीच गोष्ट बाहेर पडली, जराशी रंगवून. टाळ्या झाल्या. तुमच्या सत्काराची शाल घ्यायला काकू आल्या होत्या, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. नंतर माझा हात हातात धरून म्हणाल्या, "कांद्यात जन्म गेला, आणि यांना रांगडा कसा कळला नाही गं? मला अजून नवल वाटतं."

म्हणजे तुम्ही घरीही सांगितलं नव्हतंत. मी काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी, काकू."

सर, हे सगळं खरं तर काकूंना लिहायला हवं. गंगापूर रोडचं तुमचं घर मला तोंडपाठ आहे, आणि तिथे पत्र पोचेल. म्हणूनच मी तुम्हाला लिहिते आहे.