निळ्या गादीची परीक्षा

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईकडून कळलं, की नव्या ग्लायडरच्या कॉकपिटच्या आराखड्यावर तू सही नाकारलीस आणि साहेबांशी वाजलं. कारण काय, तर बैठकीची गादी मऊ आहे. लहानपणी दूध नको म्हणून घर डोक्यावर घ्यायचीस, ते समजण्यासारखं होतं. पण मऊ गादीशी कुणाचं वैर असतं का गं?

मी बारा वर्षं ग्लायडर उडवला तो तुझ्या आजीने शिवलेल्या निळ्या गादीवर बसून. शेवटच्या खेपेला उतरताना शाळेतली पाखरांची कविता मोठ्याने म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला जमिनीवर आपटलो. कंबर गेली, जीव राहिला. तो त्या गादीने राखला, असं चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. तेव्हा सही करून टाक, आणि जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझा,
आजोबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

पुढचं वाचून पत्र फाडू नका. तुमच्या त्या ग्लायडरचे फोटो आईने मला दाखवले होते. काचेला तडा नाही, नाक शाबूत, पट्टे जागच्या जागी. मोडला तो फक्त तुमचा मणका. हे मला कॉलेजपासून खटकतंय.

ग्लायडर आपटतो तेव्हा मऊ गादी झटकन चेपते. तेवढ्यात बसलेल्या माणसाला खाली जायला वेग मिळतो, आणि कठीण तळाचा दणका मणक्याला आणखी जोरात बसतो. आम्ही केलेली गादी घट्ट आहे. ती सावकाश दबते, परत उसळत नाही, धक्का स्वतः खाते. बसायला मात्र शाळेच्या बाकासारखी. साहेब म्हणतात, गिऱ्हाईक बसून बघतं, आपटून कोण बघतं? महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

मी करणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.

तुमची,
टिटवी

दि. १९ फेब्रुवारी

चि. टिटवीस, आशीर्वाद (थोडे रागातले). वि. वि.

आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता. तू लांब असल्यामुळे तुला कळलाही नसेल.

कपाटातून गादी काढली आणि मांडीवर घेऊन बसलो. कोपऱ्यात आजीने भरलेलं पाखरू अजून तसंच आहे. ते उडतंय असं ती म्हणायची, मला ते बसलेलं दिसायचं. यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. ती असती तर तुझं पत्र मी तिच्यापासून लपवलं असतं. मग वाटलं, तिला बिचारीला कुठे ठाऊक होतं? कुणी सांगितलंच नाही. तुझ्या साहेबांना मात्र तू सांगितलंयस, आणि तरी ते मऊ गादी मागतात. माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

सोबत गादी पाठवतोय. जपू नकोस. साहेबांच्या समोर आपट.

तुझा,
आजोबा

दि. २७ फेब्रुवारी

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

आज शेडमध्ये माणसाच्या वजनाचा, मणक्याच्या जागी भार मोजायचं यंत्र लावलेला पुतळा आधी आजीच्या गादीवर बसवून उंचावरून सोडला, मग आमच्या गादीवर. आजीच्या गादीवर मणक्यावरचा भार जवळजवळ दुप्पट आला. आमचा वेल्डर आपला रेडिओ कुणाच्या बापासाठी बंद करत नाही, त्याने तो बंद केला.

साहेबांनी आकडा स्वतः दोनदा तपासला. शेवटी म्हणाले, की मार्चमध्ये गिऱ्हाइकांसाठी ग्लायडरचं प्रदर्शन आहे, त्यात घट्ट गादी ठेवू, पण पहिल्याच दिवशी लोक कुरकुरले तर मऊ परत येईल. मी घट्ट गादीच्या आराखड्यावर सही केली, दुसऱ्या कशावरही करणार नाही असं त्यांना सांगून. पाखरू सुखरूप आहे. मलाही ते बसलेलंच वाटतं.

तुमची,
टिटवी

दि. ३ मार्च

चि. टिटवीस, सगळे आशीर्वाद. वि. वि.

गिऱ्हाईक बसून बघतं म्हणे. बसू दे. प्रदर्शनाला मी येतोय. तुझ्या आईने हात जोडले, डॉक्टरांनी डोळे वटारले, तरी येतोय. सकाळी दार उघडल्यापासून त्या कॉकपिटशेजारी काठी टेकून, आहे तसा वाकडा उभा राहीन. गादी टोचते म्हणून कुणी कुरकुरलं, की त्याला कविता ऐकवीन, तिसऱ्या कडव्यापर्यंत. मग पाठ दाखवीन.

आणि साहेबांनी पुन्हा विचारलं, की आपटून कोण बघतं, तर माझ्याकडे बोट दाखव.

लोभ आहेच, तो घट्ट असू दे.

तुझा,
आजोबा