खिसे नसलेले म्यान

"दाक्षे, म्यान सुरीसाठी शिवायचं, गिऱ्हाइकासाठी न्हाय."

माझे वडील मायाप्पा हे वाक्य बोलले तेव्हा मी कातडे टोचायची आरी नुकती धरायला शिकत होते. समोर एक बागाईतदार बसला होता. त्याला म्यानावर आपले नाव आणि खाली लाल गोंडे हवे होते. अप्पांना त्याच्याशी बोलायचे नव्हते, म्हणून ते माझ्याशी बोलले. गिऱ्हाईक उठून गेले, वाक्य माझ्याकडे राहिले. त्या वाक्यापायीच आज हा कागद लिहिते आहे.

मी सौ. दाक्षायणी रेवणप्पा मंद्रूपकर, वय शेहेचाळीस, धंदा चामड्याची म्याने शिवणे, राहणार बाळीवेस, सोलापूर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. उलट लिहू नको, अशुभ असते, असेच घरातले म्हणत आहेत. येत्या सोमवारी माझे पोटाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या यजमानांकडे बघितले. म्हणून लिहिते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

दुकान आणि दुकानामागच्या दोन खोल्या अप्पांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केल्या आहेत. त्यांना मुलगा नव्हता. माझे यजमान श्री. रेवणप्पा लग्नानंतर आमच्याच घरी राहायला आले आणि अप्पांच्या हाताखाली काम शिकले. त्यांनी या घरात कष्ट केले, याबद्दल वाद नाही. वाद कशाबद्दल आहे, ते सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला समजायची नाही.

हा कागद उद्या कोर्टात कोणी परका माणूस वाचेल, म्हणून आमची रीत लिहिते. अप्पांच्या दुकानात तयार म्यान कधीच नसे. गिऱ्हाइकाने आपली सुरी आणायची आणि रात्रभर आमच्याकडे ठेवायची. पात्याला गोडेतेल चोळायचे, त्यावर भिजवलेले कातडे ओढायचे, अंगठ्याने दाबून दाबून पात्याचा उतार कातड्यात उतरवायचा, मेणाच्या दोऱ्याने कड शिवायची आणि वाळू द्यायचे. सकाळी ते कातडे त्या एकाच सुरीचे झालेले असे. पण सांगोल्याकडचा मेंढपाळ सुरी ठेवून रिकाम्या कमरेने परत जात नाही. त्याला ते उघड्याने फिरल्यासारखे वाटते. त्याच्यासाठी अप्पांनी भिंतीवर घरच्या सुऱ्या टांगून ठेवल्या होत्या. रात्रीपुरती त्यातली एक तो न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. कोणी कधी बुडवली नाही. सकाळी अप्पा म्यान सुरीसकट उलटे धरून झटकत. सुरी खाली पडली तर कातडे वाया, पुन्हा पहिल्यापासून. नाही पडली तर ज्वारीच्या कणसाचा ठसा मारत आणि गिऱ्हाइकाच्या हातात देत. खिसा नाही, गोंडा नाही, बटण नाही.

मग दुष्काळाचे साल आले. यजमान खडी फोडण्याच्या कामांवर माल विकायला जाऊ लागले. तिथे त्यांना दिसले की माणसांजवळ बारीकसारीक वस्तू फार आणि ठेवायला जागा नाही. एके दिवशी घरी आले ते स्वतःच्या कमरेच्या म्यानावर दोन खिसे रिवेटने ठोकूनच. ते म्यान मी त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी शिवून दिले होते, त्यांच्या वडिलांच्या सुरीवर ओढून. पहिल्या बैठकीला जमले नव्हते, म्हणून कातडे फेकून मी दुसऱ्यांदा केले होते.

मी विचारले, "हे काय केलंत?"

"सोय केली. बघ की. हितं तंबाखू, हितं चुना."

"आणि सुरी?"

"सुरी हायच की मधे."

सुरी हायच की मधे! हे चार शब्द मला अजून घशाशी येतात.

दोनाचे चार खिसे झाले. बिडीचा, काडेपेटीचा. टेंभुर्णीच्या ट्रक ड्रायव्हरांनी फणी ठेवायला जागा मागितली, तर फणीला खिसा आणि वर गोल आरसा. ज्यात सुरी राहायची ते मधले पोट मात्र सगळ्यांचे एकाच मापाचे, कोणाचीही सुरी जावी असे सैल, आत रेक्झिन. सैल म्हणून सुरी पडू लागली. पडते म्हणून मुठीवरून पट्टी आणि टिचबटण. जे काम कातडे करत होते ते आता बटण करते, आणि याला ते सुधारणा म्हणतात. सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यात, स्टॉल लावून माझे यजमान ओरडतात, "एका म्यानात आख्खा संसार!" आणि माणसे एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून घेतात. मोडनिंबच्या बाजारात तर एकाने आरशात बघून भांग पाडला आणि सुरी नसताना म्यान विकत घेतले.

ती म्याने दुरुस्तीला माझ्याकडे येतात. उसवलेले खिसे मीच शिवते. आत काय असते ते लिहायची लाज मी का बाळगू? तंबाखूचा चिखल, कडक झालेला चुना, ओल्या बिड्यांची थोटके. एकाच्या खिशात त्याचाच पडलेला दात निघाला. परत मागायला आला, म्हणाला, "अक्का, त्यो टाकू नका." चुन्याने कातडे भाजते, शिवण सुटते, आणि तो सगळा राडा मधल्या पोटात उतरून पात्याला लागतो. त्याच पात्याने माणसे कांदा चिरतात. त्याच पात्याने कोकराची नाळ कापतात.

सांगोल्याचा सिद्धनाथ मेंढपाळ अप्पांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्याचे जुने म्यान आमच्याच ठशाचे होते. यजमानांनी बाजारात त्याला गाठून ते सोडायला लावले आणि खिशांचे गळ्यात मारले. गेल्या हिवाळ्यात त्याची मेंढी अडली. चुन्याचा खिसा पट्टीच्या मागे होता. चुना काढायला त्याने पट्टी सोडलेली, तसाच उकिडवा बसला. सुरी म्यानातून सरकली आणि टोक मांडीत गेले. वाचला. पाय आखडला तो आखडलाच.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम यजमानांबरोबर सांगोल्याला गेले. सिद्धनाथ काठी टेकत आला आणि ते म्यान आमच्या मालावर टाकून म्हणाला, "रेवणप्पा, तुमच्या संसारानं मलाच कापलं की."

यजमानांनी म्यान उलटसुलट केले. "बटण लावलं हुतं का?"

"चुना काढाया उगडलं हुतं."

"मग म्यानाचं काय चुकलं? चुना मागं हुता, ते चुकलं. आता म्होरं घेतलाय. ह्ये बघ. बटणाला हातच लावाय नगं."

मला वाटले, सिद्धनाथ आता ते त्यांच्या तोंडावर फेकेल. मी वाट बघत होते. त्याने नवे म्यान हातात घेतले, एकेक खिसा उघडून बघितला, पुढच्या खिशात बोट घालून हसला आणि म्हणाला, "ह्ये बेस हाय की!" विकत घेतले. जखमेवरच बांधले.

मी म्हणाले, "सिद्धनाथ, तुझी सुरी माझ्याकडे ठेव. उद्या अप्पांसारखं म्यान देते. हलायची नाही."

तो मला चुचकारल्यासारखे बोलला, "अक्का, त्ये लई चांगलं असतंय. पर तंबाखू कुटं ठिवू?"

मी गाडीमागे जाऊन चूळ भरली. किळस कोणाची आली ते आजवर ठरवता आलेले नाही. विकणाऱ्याची की घेणाऱ्याची? घरी येताना यजमान गाडीत माझ्यासाठी खारे दाणे घेऊन आले आणि सोलून देत बसले. तेच हात.

मी गेले आणि कागद नसला तर दुकान आणि ठसा आपोआप खिशांकडे जाईल. ते होऊ नये, एवढ्यासाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

दुकान, अप्पांचा मूळ ठसा आणि भिंतीवरच्या सुऱ्या माझी मुलगी सौ. महानंदा, राहणार अक्कलकोट, हिला द्याव्यात. मागच्या खोल्यांत यजमानांनी हयातभर राहावे, त्यांना कोणी उठवू नये.

महानंदाला म्यान शिवता येते, हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिला या कागदाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आई, एखादा खिसा ठेवला तर काय बिघडतं गं? बाबांचं अगदीच खोटं नाही." मी रात्रभर विचार केला की तिच्यावर अट घालावी, खिसा शिवलास तर ठसा परत. वकिलाने तसे कलम लिहूनही दिले होते. ते मी खोडले आहे. अट म्हणजे वरून लावलेले टिचबटणच. जे कातड्याने धरले नाही ते बटणाने किती दिवस धरणार? महानंदाला ठसा बिनअट दिला आहे. झटकून बघणे तिच्यावर सोपवते.

यजमानांनी ठसा मागितला होता, मी दिला नाही, तेव्हा त्यांनी पितळेचा दुसरा पाडून आणला. त्याचे कणीस वाकडे आहे, दाणे उंदराने खाल्ल्यासारखे दिसतात. तो वाकडा ठसा, खिशांचे पत्र्याचे साचे, रेक्झिनची गुंडाळी, आरसे आणि बटणांचा डबा हे सर्व त्यांचेच आहे. मला मूठमाती देऊन आल्यावर त्यांनी ते दुकानातून उचलावे. तोवर ते माझ्या नजरेसमोर आहे, तेवढी शिक्षा पुरे.

पोस्टातली शिल्लक यजमानांना द्यावी. माझ्या आजारात त्यांनी पेज शिजवली, कपडे धुतले, आणि दवाखान्यात इतर बायकांच्या नवऱ्यांनी नाक मुरडले तिथे ते मुरडले नाहीत. माझा राग त्यांच्या मालावर आहे. माल आणि माणूस वेगळे करता येत नाहीत, हे माझे दुखणे आहे, त्यांचे नाही.

माझी आरी आणि कातडे कापायची रापी केराबाईला द्यावी. ती इतकी वर्षे आमच्या उंबऱ्यात बसून दोऱ्याला मेण लावते. उंबऱ्यातली तिची जागा महानंदाने मोडू नये. सिद्धनाथासाठी मी काही ठेवू शकत नाही, कारण त्याची सुरी माझ्याकडे नाही. त्याने कधी ती आणून रात्रभर ठेवली, तर त्याचे म्यान पैसे न घेता करावे.

नणंद काशम्मा हिला तांब्याचे घंगाळ. मागच्या गड्ड्याला तिने ते आंघोळीपुरते म्हणून नेले आहे. आता कायदेशीर झाले. बाईच्या हातचे म्यान बांधायला गडी लाजतात, असे ती माझ्या लग्नात म्हणाली होती. तिच्या नवऱ्याच्या कमरेला मरेपर्यंत माझेच म्यान होते, एवढे या ठिकाणी नमूद करते.

माझ्यासोबत मातीत काही ठेवू नये.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आहे, आणि खाली त्यांच्या देखत सही केली आहे.

सौ. दाक्षायणी रेवणप्पा मंद्रूपकर

साक्षीदार:
वीरभद्रप्पा गुरुसिद्धप्पा कोनापुरे, सुतळी-दोऱ्याचे व्यापारी, बाळीवेस
कल्लप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, बाळीवेस

सोलापूर, ता. २५ नोव्हेंबर १९७६

सह्यांखाली जागा उरली आहे. ही मृत्युपत्राबाहेरची गोष्ट आहे, कोर्टाने वाचली नाही तरी चालेल.

आत्ता सही करताना वीरभद्रप्पांनी पेन काढले ते कमरेच्या म्यानातून. सुतळी कापायच्या सुरीशेजारी पेनाचा खिसा. पेनाला चुना लागला होता. तो त्यांनी धोतराला पुसला आणि मला म्हणाले, "रेवणप्पानं लई सोय केली बगा." या कागदावरचा पांढरा डाग त्याचाच आहे. मी तो खरवडला नाही.

तर, अहो, तुमच्याकडे एक मागते.

लग्नाच्या पहिल्या वर्षीचे ते म्यान अजून तुमच्या खुंटीला आहे. त्यावरचे दोन खिसे काढा. रिवेटची भोके राहतील, ती बुजवू नका. आत तुमच्या वडिलांची सुरी घाला आणि उलटे धरून झटकून बघा, पडायची नाही. मग येत्या गड्ड्यात स्टॉलवर उभे राहाल तेव्हा तेच कमरेला बांधा, लोकांच्या देखत, भोकांसकट. कोणी विचारले तर बायकोने केले, एवढेच सांगा.

तुम्ही म्हणाल, "येडी हायस का? धंदा बसंल की." मी हे लिहिते आहे तोवर तुम्ही बाहेर वीरभद्रप्पांना चहा देत आहात, आणि तरी मला तुमचा तो नकार इथे ऐकू येतो. सोमवारी मी परत आले तरी हेच मागणार आहे, आणि तुम्ही हेच म्हणणार आहात.

तरी काढा ते खिसे.