उकळलेला पाऊस

आये, तू भरलेली पावसाच्या पाण्याची शेवटची बाटली अजून माझ्याकडंच आहे. झाकणावर तू ओतलेलं मेण तसंच होतं. होतं म्हणते, त्याचं पुढं सांगते.

दुष्काळ सरल्यानंतरचा पावसाळा. मी विश्रामबागेत कॉलेजात, आणि आमचे सर घाटमाथ्यापासून तासगावपर्यंत गावोगावचं पावसाचं पाणी गोळा करतायत. ते मुंबईला यंत्रावर तपासणार, म्हणजे ढग कुठल्या समुद्रावरनं आला, वाटेत किती रिता झाला ते कळणार. मी तुला समजावते, की पाण्यात थोडं जड पाणी असतं, बाकी हलकं. ढग घाट चढताना जड आधी सांडतो, आपल्याकडं येतं ते हलकं. तू भाकरी थापतेस. "म्हंजी पावसातबी आपल्याला उरल्यालंच व्हय?" म्हणतेस, आणि खुदकन हसतेस. मग हात थांबवून विचारतेस, "पर कुठला गं आपला पाऊस? कळलं की सांग मला."

अंगणात पातेलं ठेवून बाटल्या भरायचं काम मी तुझ्यावर सोपवलं. पहिल्या बाटल्यांचा निकाल आला तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या गावचा ढग घाट चढलाच नाही वाटतं! सगळ्यात जड पाणी तिथलंच." मी एस्टीनं तडक घरी आले. पाण्याला काय केलंस, विचारलं.

"काय करनार? फडक्यानं गाळलं, चांगलं खळखळा उकळलं, निवल्यावर भरलं."

"अगं, उकळल्यावर हलकं वाफ होऊन जातं, जड मागं राहतं. ते प्यायला नव्हतं!"

"पिऊ द्यात न्हाईतर बगू द्यात. सायबांनी आपल्या घरचं पानी मागितलंय, बाई. कच्चं कसं दिऊ? उद्या कोन म्हनलं, ह्यांच्या पान्यात कायतरी हाय, मग?"

तुझ्या लहानपणी गावच्या आडाला शिवायचं नाही, कुणी वरनं ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. आपण बौद्ध झालो, तरी त्या आडाचा दोर तुझ्या हातात यायला लय वर्षं गेली. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तेव्हा मला फक्त पाणीच दिसलं. पुढची बाटली कच्ची भर, म्हटलं. "बरं," म्हणालीस, चुलीकडं बघत. तुझं ते "बरं" म्हणजे ऐकलं असंही असायचं, आणि बास कर आता असंही.

परतीच्या पावसात तू ती शेवटची बाटली भरलीस, फळीवर ठेवलीस, आणि थंडीत तापानं गेलीस. सर म्हणाले, "द्या ती, उकळलंय का नाही यंत्रच सांगेल." आपल्या दोघींचा वाद यंत्रानं मिटवावा, हे मला नको होतं. त्यांच्या नकाशात आपल्या गावापुढची जागा मोकळीच राहिली. कुठला आपला पाऊस, ते मला तुला सांगता आलं नाही, आणि आता कुणाला सांगायचं?

काल खोली बदलताना मी मेण फोडलं. नाक लावलं. धुराचा वास आला, शेणकुटाच्या. म्हणजे नाहीच ऐकलंस तू.

बाटली फुटली, असं सरांना मी तेव्हाच सांगून टाकलेलं. काल त्यातलं घोटभर प्याले. एवढ्या वर्षांचं पाणी, कच्चं असतं तर धजले नसते.